माण-मारुंजीच्या पट्ट्यातली शाळा आणि वाचनाचा तास : एक प्रकरण अभ्यास

या लेखात शाळेचं किंवा माणसांचं नाव नाही, आणि ही शाळा जशीच्या तशी नकाशावर सापडणारही नाही. हिंजवडीच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत जे तिढे वारंवार दिसतात, ते एका शाळेत आणि एका शैक्षणिक वर्षात आणून हे प्रकरण बांधलं आहे. मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात चर्चेला घेता यावं, हा हेतू. धोरणं, तारखा आणि योजना मात्र खऱ्या आहेत.

परिस्थिती

जून २०२३. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात १७ ते २२ जून शिक्षणाचं प्रदर्शन भरलं होतं आणि २२ तारखेला जी-२० देशांच्या शिक्षणमंत्र्यांची बैठक पुण्यात झाली. या पुण्यातल्या टप्प्याचा मुख्य विषय होता पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान. तिसरीतल्या मुलाला साधा उतारा समजून वाचता यावा, दोन अंकी वजाबाकी करता यावी, एवढाच त्याचा अर्थ. त्यानिमित्त जिल्ह्यातल्या शाळांना प्रभातफेऱ्या, घोषवाक्यं, चित्रकला स्पर्धा आणि त्या सगळ्याचे फोटो अपलोड करण्याचं काम आलं.

विद्यापीठापासून, ट्रॅफिक धरून, तासाभराच्या अंतरावर आपली शाळा आहे. पहिली ते पाचवी, मराठी माध्यम. पट शंभर आणि एकशेवीसच्या मधे, म्हणून शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे चार शिक्षक. वर्ग पाच, शिक्षक चार. त्याच अनुसूचीप्रमाणे दीडशेच्या वर पट गेला तरच प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. तो इथे नाही. त्यामुळे चौघांतल्या ज्येष्ठ बाई प्रभारी मुख्याध्यापिका आहेत आणि चौथी-पाचवीचा जोडवर्गही त्याच घेतात. आंतरराष्ट्रीय अहवालांतला ‘शाळेचा नेता’ म्हणजे इथे दोन वर्ग सांभाळून, पोषण आहाराचा तांदूळ मोजून, मधल्या सुट्टीत लिंक भरणारी एक शिक्षिका. ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घेतली नाही, तर पुढचं काहीच नीट कळणार नाही.

मुलं कुठली? गावच्या जुन्या कुटुंबांतली बहुतेक मुलं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. उरतात ती लेबर कॅम्पातली, सिक्युरिटी गार्डांची, सोसायट्यांत धुणंभांडी करणाऱ्या बायकांची, ड्रायव्हर लोकांची मुलं. नांदेड, लातूर, कलबुर्गी, बिहार. आयटी पार्कात ज्या कंपन्यांची कामं चालतात त्यांचे ग्राहक अमेरिकेत आणि युरोपात. तिकडे मागणी वाढली की इकडे टॉवर उठतो, टॉवर उठला की सेंटरिंगवाल्यांचा तांडा येतो आणि पहिलीचा पट वाढतो. काम संपलं की तोच पट उतरतो. शिक्षणातल्या जागतिकीकरणाबद्दल बोलताना आपण चटकन धोरणांकडे वळतो. या शाळेत ते आधी हजेरीपटावर दिसतं.

कागद कुठून आला

ऑगस्टमध्ये तिसरीपासून पुढच्या वर्गांची पायाभूत चाचणी झाली. प्रश्नपत्रिका तयार होऊन आल्या, वेळापत्रक पुण्यातल्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं. नियतकालिक मूल्यांकनाच्या अशा तीन चाचण्या वर्षात व्हायच्या होत्या : एक पायाभूत आणि दोन संकलित. शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘ही जागतिक बँकेची परीक्षा आहे.’ ते अर्धं खरं होतं.

चाचण्या राज्यांतल्या शालेय शिक्षणाच्या सुधारणेसाठीच्या ‘स्टार्स’ प्रकल्पातून होत होत्या. जागतिक बँकेने जून २०२० मध्ये त्यासाठी ५० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. राज्यं सहा : महाराष्ट्र, केरळ, राजस्थान, मध्य प्रदेश, ओडिशा आणि हिमाचल प्रदेश. एकूण प्रकल्प ५,७१८ कोटी रुपयांचा, त्यात बँकेचा वाटा साधारण ३,७०० कोटींचा. हे कर्ज निकालांशी बांधलेलं होतं. ठरलेले निर्देशांक गाठले की हप्ता सुटायचा. एका शाळेच्या गुणांवर कर्जाचा हप्ता अडत नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. पण मोजमाप झालं पाहिजे, नोंदलं गेलं पाहिजे, सुधारणा दिसली पाहिजे, हा दाब वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडा घट्ट होत जातो. मंत्रालयात तो निर्देशांक असतो, जिल्ह्यात आढावा बैठक असते, केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर, तो फोन होतो : “बाई, तुमची माहिती राहिलीय. आख्ख्या केंद्रात तुमचीच शाळा लाल दिसतेय.”

यामागे जो विचार आहे तोही बघू. थायलंडमधल्या जोमतिएनला १९९० मध्ये झालेल्या ‘सर्वांसाठी शिक्षण’ परिषदेपासून जगाचा भर मुलांना शाळेत आणण्यावर होता. मुलं आली. मग ती शिकतात का, हा प्रश्न उभा राहिला. जागतिक बँकेने २०१९ मध्ये दहा वर्षांच्या मुलाला साधा मजकूर वाचता येतो का, हीच मोजपट्टी पुढे केली आणि २०३० पर्यंत न वाचू शकणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आणायचं ठरवलं. आपल्याकडे नवं शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं आणि ५ जुलै २०२१ ला पायाभूत साक्षरतेचं ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं.

हे सगळं परदेशातून लादलेलं आहे असं म्हणणारे पुण्यात पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. पातळीनुसार गट करून शिकवायची पद्धत मुंबईच्या वस्त्यांत काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेने घडवली. तिची तपासणी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या चमूने मुंबई-वडोदऱ्यात केली. त्या धाटणीच्या संशोधनाला २०१९ चं नोबेल मिळालं आणि हीच पद्धत झांबियापर्यंत गेली. मग ती अहवालांच्या भाषेत आपल्याकडे परत आली. माल आपलाच, फक्त परदेशी शिक्का बसून आलेला.

मोजपट्टीचं मात्र तसं नाही. मिनिटाला किती शब्द वाचले हे मोजायची रीत अमेरिकेत रुळली आणि २००६ च्या सुमाराला अमेरिकी मदतसंस्थेच्या पैशातून गरीब देशांसाठीचं वाचन-चाचणीचं साधन तयार झालं. निपुणच्या लक्ष्यांत तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द आहेत. आता मराठीत ‘घरासमोरच्या अंगणातल्या’ हे दोन शब्द. इंग्रजीत तेवढंच सांगायला दुपटीहून जास्त शब्द लागतात. त्यात जोडाक्षरं. एनसीईआरटीने २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात वीस भाषांसाठी वेगवेगळे निकष काढले, म्हणजे दिल्लीला हे कळत होतं. शाळेपर्यंत पोचला तो ६० चा आकडा. केंद्रावरच्या शिक्षण परिषदेत बाईंनी हा मुद्दा काढला तेव्हा उत्तर मिळालं, “बरोबर आहे बाई, पण रकाना तोच आहे.”

तिढा

पायाभूत चाचणी तपासताना बाईंना जे दिसलं ते त्यांना आधीच माहीत होतं. तिसरी ते पाचवीतल्या बऱ्याच मुलांना परिच्छेद वाचता येत नव्हता, काहींची गाडी अक्षरांवरच अडली होती. पाचवीतला एक मुलगा नकाशा अचूक काढायचा आणि त्यावरचं एकही नाव वाचू शकत नव्हता.

उपाय त्यांना ठाऊक होता. रोज एक तास तिन्ही वर्ग एकत्र करायचे, इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीप्रमाणे गट पाडायचे. वरून येणारं धोरण हेच सांगत होतं. तरीही तो तास काढणं जवळजवळ अशक्य होतं, आणि कारण गंमतीचं आहे : त्या तासाच्या आड त्याच धोरणातून निघालेली कामं उभी होती.

त्या वर्षी बालभारतीची पुस्तकं चार भागांत, आत वहीची कोरी पानं घेऊन आली होती. भाग संपला की पुढचा भाग, त्यामुळे भेटीला येणारे साहेब पहिला प्रश्न विचारायचे तो ‘कितवा भाग चालू आहे?’ चाचणीचे गुण भरायचे. यू-डायस, म्हणजे शाळेची वार्षिक ऑनलाइन माहिती, भरायची. आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी दुरुस्त करायची. डिसेंबरपासून रोजची हजेरी स्विफ्टचॅट या ॲपच्या बॉटवर. जानेवारीत ‘माझी शाळा सुंदर शाळा’ अभियान. सगळा दोष जगाच्या माथी मारू नये म्हणून हेही सांगतो : २३ जानेवारी २०२४ पासून राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण सुरू झालं आणि शिक्षक मोबाइल घेऊन दारोदार फिरले. शाळेचे चारपैकी दोन शिक्षक त्यात गेले. त्याचा वॉशिंग्टनशी काही संबंध नव्हता.

दुसरं टोक पालकांचं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका गार्डदादांनी सरळ विचारलं, “मॅडम, वाचायला शिकवताय ते ठीक. पण सेमी कधी सुरू करणार? कंपनीच्या गेटवर मराठीला कोण विचारतं?” त्यांच्या शेजारी बसलेल्या ताई म्हणाल्या, “माझी जाऊ तिच्या पोरीला इंग्लिश मीडियममध्ये घालती. मी का मागं राहू?” सरपंचांचा आग्रहही पहिलीपासून गणित इंग्रजीत घ्यायचा. न घेतल्यास जूनमध्ये पट आणखी घसरेल, हे त्यांचं गणित चुकीचं नव्हतं.

तिसरीकडून एका कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी. कंपनी कायद्यातल्या दोन टक्क्यांच्या तरतुदीनंतर, म्हणजे एप्रिल २०१४ पासून, या पट्ट्यातल्या शाळांकडे अशी बरीच मंडळी येतात. या कंपनीला टॅब द्यायचे होते. दर शनिवारी स्वयंसेवक येणार, मुलं ॲपवर सराव करणार, प्रगतीचा आलेख कंपनीच्या परदेशातल्या मुख्य कार्यालयात दिसणार. शिक्षकांना त्यासाठी प्रशिक्षण आणि शाळेला महिन्याचा अहवाल.

आणि या सगळ्याच्या मधे दिवाळीनंतर कलबुर्गीहून आलेली एक मुलगी. वय नऊ, म्हणून कायद्याप्रमाणे वयानुरूप चौथीत प्रवेश. मराठी येत नाही, कन्नड वाचता येत नाही. आधारवरचं नाव दाखल्यावरच्या नावाशी जुळत नाही. संचमान्यतेला आधार वैध असलेलाच पट धरला जातो. म्हणजे शिक्षकाचं पद ठरवताना ही मुलगी शाळेत नाही, आणि एप्रिलच्या चाचणीत वर्गाची सरासरी काढताना ती धरली जाणार. शाळा मोजण्याच्या दोन व्यवस्था एकमेकींशी बोलत नाहीत, त्याचा भुर्दंड बाईंच्या जोडवर्गावर.

शिक्षकखोलीत एकदा दबक्या आवाजात तोडगाही निघाला. पेपर आपणच तपासतो, गुण आपणच भरतो. ऑगस्टचे थोडे कमी ठेवायचे, एप्रिलचे थोडे जास्त, प्रगती आपोआप दिसते. हा मोह या चार शिक्षकांच्या स्वभावात शोधू नये. ज्या मापावर शाळेचा रंग ठरतो, ते माप त्या शाळेच्याच हातात दिलं की असं होणारच.

याला जुना पुणेरी संदर्भ आहे. इंग्लंडने १८६२ मध्ये मुलांच्या परीक्षेतल्या निकालावर शाळांचं अनुदान ठरवायची पद्धत आणली आणि ती वसाहतीतही उतरली. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी ही निकालपद्धत अशिक्षित समाजात शिक्षण पसरवायला मुळीच योग्य नाही, असं लिहून दिलं. जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकालाच्या भरवशावर कोणता शिक्षक तग धरणार, हा त्यांचा रोख होता. इंग्लंडने पुढे ती पद्धत स्वतःच मोडीत काढली. आजची व्यवस्था तितकी उघड नाही, पगार कापला जात नाही. पण कलबुर्गीची मुलगी चौथीत घेणाऱ्या शाळेचा आलेख खाली जातो आणि तिला ‘आधार दुरुस्त करून या’ म्हणणाऱ्या शाळेचा सांभाळला जातो, एवढा धागा तरी सारखाच आहे.

बाईंनी काय केलं

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एक निर्णय घेतला. परिपाठानंतरचा पहिला तास वाचनाचा. त्या तासाला कुणीही मोबाइल उघडायचा नाही, फोन आला तरी. गट चार : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पहिली-दुसरी एका शिक्षकाकडे, बाकी तिघांत चार गट, गोष्टवाला गट बराचसा आपापला. सर्वांत अवघड अक्षरगट बाईंनी स्वतःकडे घेतला. मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा वाटतो. मुख्याध्यापकाने ‘नेतृत्व’ करायचं म्हणजे इतरांच्या वर्गाचं निरीक्षण करायचं, असं आपल्या प्रशिक्षणांत सांगितलं जातं. २०१२ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय शाळा नेतृत्व केंद्र आल्यापासून त्याचे घटकसंचही निघाले, आणि मोठ्या शाळांसाठी त्यांत घेण्यासारखं बरंच आहे. चार शिक्षकी शाळेत सहकाऱ्यांना पटवायचा एकच मार्ग उरतो : अवघड काम आपण घेणं.

केंद्रप्रमुखांशी त्यांनी भांडण टाळलं. त्यांना शाळेत बोलावलं, वाचनाच्या तासाला बसवलं आणि मग म्हणाल्या, “सर, माहिती रोज संध्याकाळी पाचला भरते. सकाळी लाल दिसली तर तेवढं सांभाळून घ्या.” केंद्रप्रमुख मूळचे शिक्षकच. त्यांनी सांभाळलं, काही महिने. डिसेंबरमध्ये हजेरीचा बॉट आला तेव्हा सकाळचीच वेळ सक्तीची झाली आणि तासातली दहा मिनिटं गेली.

पाठ्यपुस्तकाचा भाग मागे राहिला तर काय, याची लेखी नोंद त्यांनी शेरेपुस्तकात आधीच करून ठेवली : कोणत्या मुलांची पातळी काय, म्हणून कोणता पाठ पुढे ढकलला. साहेबांनी त्यावर शेरा मारला नाही. संमतीही दिली नाही. शासकीय व्यवस्थेत याला परवानगी समजतात.

कंपनीला त्यांनी टॅब नाकारले. इथे समितीतले काही सदस्य चिडले. फुकट येतंय ते का सोडायचं? बाईंचं म्हणणं होतं की शनिवार अर्धा दिवस, त्यात टॅब चार्ज करण्यात आणि अहवालात जो वेळ जाईल तो वाचनाच्या हिशेबातून जाईल. त्याऐवजी मुलींची स्वच्छतागृहं आणि गोष्टींची पुस्तकं मागितली. स्वच्छतागृहं मिळाली. पुस्तकं ‘या वर्षीच्या थीममध्ये बसत नाहीत’ म्हणून नाही मिळाली. टॅब नाकारणं बरोबर होतं का? मला खात्री नाही. शेजारच्या गावात त्याच टॅबवर एका होतकरू गुरुजींनी छान काम करून घेतलं. पण त्यांच्याकडे शिक्षक जास्त होते.

सेमीचा विषय त्यांनी पुढे ढकलला. बदल्यात तिसरीपासून रोज वीस मिनिटं इंग्रजी बोलण्याची दिली आणि महिन्यातून एकदा पालकांसमोर मुलांना मराठी गोष्ट वाचायला उभं केलं. स्वतःचं पोर वाचताना पाहिल्यावर गार्डदादा गप्प झाले, असं लिहिण्याचा मोह होतो. ते गप्प झाले नाहीत. “वाचतंय छान,” म्हणाले, “आता इंग्लिश वाचायला लावा.”

कन्नड मुलीसाठी बाईंना पाचवीतली दुसरी कन्नड मुलगी सापडली. दोघी शेजारी बसायच्या. पद्धत म्हणून कुठल्याही परिपत्रकात हे नव्हतं.

आणि गुण खरे भरायचे, हे त्यांनी चौघांच्या बैठकीत सांगितलं. त्यासाठी एक साधी सोय केली : एकाच्या वर्गाचे पेपर दुसऱ्याने तपासायचे.

वर्षअखेर

एप्रिलच्या संकलित चाचणीत शाळेची सरासरी ऑगस्टपेक्षा वाढली, पण केंद्रातल्या बऱ्याच शाळांपेक्षा कमी. शाळेच्या स्वतःच्या नोंदवहीत चित्र वेगळं होतं. अक्षरगट जवळपास रिकामा झाला होता, शब्दगटातली बरीच मुलं परिच्छेदावर आली होती, नकाशा काढणारा मुलगा गोष्ट वाचत होता, अडखळत. चाचणीला हे फारसं दिसलं नाही, कारण ती पाचवीच्या मुलाला पाचवीचंच विचारते. तो शून्यापासून दुसरीच्या पातळीपर्यंत चढला, तरी तिच्या दृष्टीने अजून नापासच्या आसपास. आढावा बैठकीत बाईंना ‘संथ प्रगती’ म्हणून नाव घेऊन उभं केलं गेलं. त्यांनी नोंदवही दाखवायला काढली, पण वेळ नव्हता. यादीत पुढे आणखी शाळा होत्या.

कलबुर्गीची मुलगी मार्चअखेर कुटुंबासोबत गेली. चाचणीला ती नव्हती. आधार तोवर जुळला नव्हता. दाखला मागायला कुणी आलं नाही, त्यामुळे ती पुढे कुठे शिकते हे शाळेला माहीत नाही.

दरम्यान १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. या शाळेचं चौथं पद पटाच्या काठावर होतं. ते गेलं तर तीन शिक्षक, पाच वर्ग, आणि सप्टेंबरमधली गटांची मांडणी नव्याने करावी लागणार.

म्हणून मे महिन्यात समितीने सेमीचा ठराव पुन्हा आणला तेव्हा बाईंनी विरोध केला नाही. पहिलीपासून नको, तिसरीपासून गणित इंग्रजीत, एवढी दुरुस्ती त्यांनी मांडली. पट टिकला तर चौथा शिक्षक टिकेल आणि तो टिकला तर वाचनाचा तास टिकेल, असं त्यांनी समितीला मोकळेपणाने सांगितलं. ठराव एकमताने झाला. त्याच बैठकीच्या इतिवृत्तात, सरपंचांच्या सहीच्या वर, दुसरा ठराव आहे : परिपाठानंतरच्या पहिल्या तासाला शाळेकडून कोणतीही ऑनलाइन माहिती मागवू नये, अशी विनंती गटशिक्षणाधिकाऱ्यांना करावी. पत्र गेलं आहे. आवक क्रमांक मिळाला आहे.